पहिला उकार

रविवार, दुपारी

प्रिय ताई,

टपालानं माझं पत्र आलेलं बघून तू आधी घाबरशील, म्हणून तेच पहिल्यांदा सांगतो. सगळे जिवंत आहेत, सगळ्यांचे हातपाय जागेवर आहेत आणि हवामान मागच्या वेळी फोनवर सांगितलं तसंच आहे. गेले पाच महिने आपण दोघं हवामानच तर बोलतोय. मी म्हणतो इकडे ढग आहेत, तू म्हणतेस इकडे ऊन आहे, मग तू गुंडीची चौकशी करतेस, मी बरी आहे म्हणतो, आणि दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून तू फोन ठेवतेस. सोमवारी तुझं दुकान बंद असतं हे मला माहीत आहे. तरी सोमवारीही तुझ्याकडे गिऱ्हाईक येतं, आणि मीही हं हं, ठेव, असं म्हणून सुटकेचा निःश्वास सोडतो. फोनवर मला जे बोलता येत नाही ते लिहून जमतंय का, बघतो.

तू केस कापायला शिकायला बाहेरगावी गेलीस तेव्हाची तुझी पत्रं आठवतात? मी सहावीत होतो. तू दर आठवड्याला एक पान लिहायचीस, आणि मी ते लाल पेनानं तपासून, खाली दहापैकी गुण देऊन, तुलाच परत पाठवायचो. दुसरी एखादी असती तर पत्र लिहिणं बंद केलं असतं. तू मुद्दाम जास्त चुका करायला लागलीस. ‘प्रीय’, ‘भाउ’, ‘मि मजेत आहे’. माझं लाल पेन उपाशी राहू नये म्हणून, असं तू एकदा म्हणाली होतीस, आणि तेव्हापासून मी घरात लालपेन्या झालो. आईला वाटायचं, पोरगा मास्तर होणार. झालो छापखान्यातला मुद्रितशोधक, म्हणजे चौदा वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतोय.

आमच्याकडे पुस्तकं छापत नाहीत. बिस्किटांचे पुडे, सरबताच्या बाटल्यांची लेबलं, औषधाच्या खोक्यात घड्या घालून कोंबलेला तो बारीक अक्षरांचा कागद, जो जगात कुणी वाचत नाही, तो मी वाचतो. त्यामुळे घरात आहाराचं प्रकरण सुरू झालं तेव्हा मला वाटलं, हे तर आपलंच काम. बायको दिवसभर तक्रारींच्या टेबलावर बसून, कानाला हेडफोन लावून फोनवर लोकांचे शिव्याशाप ऐकते, घरी येते तेव्हा तिला स्वतःचं नावसुद्धा कुणी हाकारलेलं नको असतं. तिच्या डोक्याला आणखी ताप कशाला, म्हणून मी सांगून टाकलं की लेबलं मी वाचणार, सामान मी आणणार, काय चालेल आणि काय नाही ते मी ठरवणार. ती म्हणाली, ठरव.

गुंडी तेव्हा चार वर्षं दोन महिन्यांची होती. कुणाच्याही कडेवर गेली की आधी त्याच्या शर्टाची गुंडी चिमटीत धरते, म्हणून हे नाव तूच ठेवलंस, आणि खरं नाव आता दवाखान्याच्या फायलीपुरतं उरलंय. त्या फायलीत मुलांच्या डॉक्टरांनी ‘स्वमग्नता’ असं लिहिलं. चार वर्षांत तिच्या तोंडून एकच शब्द आला होता, दुधासाठीचा. आई नाही, बाबा नाही, नको नाही, काही नाही. पण तो एक शब्द पक्का होता. फ्रीजच्या दारावर तळहात आपटायची, मान वर करायची आणि म्हणायची. दिवसातून सात-आठ वेळा. डॉक्टरांनी आम्हाला बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं, आणि तिथे नंबर लागायला वर्ष जाईल असं कळलं. वर्षभर हातावर हात ठेवून बसणं माझ्याच्यानं होण्यासारखं नव्हतं. तू मला ओळखतेस.

अशा मुलांच्या आईबापांचा फोनवर एक गट आहे. तिथे मला आहारवाल्या बाई भेटल्या. त्यांचं म्हणणं, गव्हातलं ग्लुटेन आणि दुधातलं काहीतरी या मुलांच्या डोक्यात एक गुंगी चढवतं, ते बंद केलं की गुंगी उतरते आणि आत अडकलेले शब्द बाहेर पडतात. कुठल्याशा मुलानं सहा महिन्यांनी एकदम अख्खं वाक्य म्हटलं होतं. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, करून बघायचं असेल तर बघा, पण यानं मुलं बोलायला लागतात असं काही सिद्ध झालेलं नाही, आणि हिचं वजन आधीच कमी आहे, तेव्हा आहारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय काही बंद करू नका. दुसऱ्यांचे स्वल्पविराम मोजणारा माणूस मी, आणि एवढ्या लांब वाक्यातलं मला ‘करून बघा’ तेवढंच ऐकू आलं.

मग काय विचारतेस. एका शनिवारी मी कपाटं रिकामी केली. पाव, बिस्किटं, शेवया, रवा, मैदा, लोणी, दही, चीज, सगळं शेजारच्या रिटायर पोस्टमास्तरांच्या दारात नेऊन ठेवलं. त्यांना वाटलं आम्ही घर सोडून चाललो. गुंडीसाठी नवा तवा, नवी सुरी, नवी किसणी, भांडी घासायला वेगळा स्पंज. सॉसच्या बाटलीत गहू निघाला. चॉकलेटात दूध निघालं ते समजू शकतो, पण बटाट्याच्या तयार चकत्यांमध्येही दुधाची पूड होती, आणि त्या चकत्यांचं पाकीट आमच्याच छापखान्यातलं, माझ्याच नजरेखालून गेलेलं. बालवाडीत खेळायला देतात ती रंगीत मऊ माती असते ना, तिच्यातसुद्धा गव्हाचं पीठ असतं. मी बालवाडीच्या बाईंना चिठ्ठी लिहिली, आणि गुंडी सगळ्या मुलांपासून वेगळी एका टेबलावर ठोकळे घेऊन बसायला लागली. तांदळाच्या आणि मक्याच्या पिठाचा पाव मी स्वतः भाजला. तुला कधी दाखवला नाही, बरं झालं. पहिला इतका टणक झाला की बायकोनं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून तो आठवडाभर दाराला लावून ठेवला होता. त्या आठवड्यात आम्ही शेवटचे मनापासून हसलो असू.

कारण गुंडी खायचीच मुळात पाच गोष्टी. दूध, दही, पाव, ती गोल बिस्किटं आणि केळं. त्यातल्या चार मी काढून घेतल्या. नारळाचं दूध तिनं हुंगलं आणि पेला हळूच परत सरकवला. बदामाचं दूध भिंतीवर गेलं. महिनाभर ती केळी, उकडलेला बटाटा आणि मूठभर भातावर होती. फ्रीजवर हात आपटायची, तो शब्द म्हणायची, आणि मी तिच्यासमोर बसून, शांत आवाजात, नाही बाळा, असं म्हणायचो. ती पुन्हा म्हणायची. मला वाटायचं हिला ऐकू आलं नाही, ती बहुधा तेच माझ्याबद्दल समजत असावी. ती डोकं फरशीवर आपटायला लागली की बायको तिला उचलून घ्यायची आणि माझ्याकडे बघायची. एकदा म्हणाली, एक घोट देऊया का रे. मी तिला आहारवाल्या बाईंचा निरोप वाचून दाखवला की एक घोट म्हणजे सहा महिने मागे. तिनं नंतर कधी विचारलं नाही. माझ्यासारख्या माणसाशी वाद घालून उपयोग नसतो हे तिला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

खोटं कशाला सांगू, सुरुवातीला थोडं बरंही वाटलं. तिचं पोट साफ व्हायला लागलं, दुपारची झोप नीट लागायला लागली. एकदा तिनं माझ्या डोळ्यांत सलग बघितलं, मी आकडे मोजले, अकरापर्यंत. त्या अकरा आकड्यांवर मी तीन महिने काढले. आहारवाल्या बाईंनी वही ठेवायला सांगितली होती. रकाने त्यांनीच दिले होते: झोप, पोट, नजर, चिडचिड, दुधाची मागणी, नवा शब्द. दर दिवसाच्या शेवटी अधिक किंवा उणे. मी ती वही कशी ठेवली असेन याची तुला कल्पना आहेच. पट्टीनं आखलेली, एक खाडाखोड नाही. ‘नवा शब्द’ या रकान्यात रोज शून्य पडायचं, आणि मी रोज तिथे उद्या काय लिहायला मिळेल याचा विचार करत दिवा मालवायचो.

तिसऱ्या महिन्यात तू आठ दिवसांसाठी आलीस. ते पहिले चार दिवस मला अजून लख्ख आठवतात. गुंडीच्या केसांना तोवर कुणी हात लावू शकलेलं नव्हतं, तिचा बारीकसा आवाज करून ती खोलीभर पळायची. तू कात्री बाहेरसुद्धा काढली नाहीस. दोन दिवस नुसती तिच्याजवळ बसून आपलेच केस विंचरत राहिलीस, तोंडाचा पट्टा अखंड चालू, गिऱ्हाइकांच्या कागाळ्या, कुणाचं टक्कल, कुणाचा रंग, तिला काही कळतंय की नाही याची पर्वा न करता. तिसऱ्या दिवशी ती तुझ्या झग्याची गुंडी धरून बसली आणि तू गप्पा मारता मारता तिचे केस कापून टाकलेस. बायको दारात उभी राहून रडली. मला काय वाटलं सांगू? मला हेवा वाटला. मी वह्या आखतोय, लेबलं वाचतोय, पीठ चाळतोय, आणि ही बाई नुसती बडबड करते आणि पोरगी हिच्या मांडीवर. त्या हेव्याचा पुढच्या गोष्टीशी संबंध आहे, म्हणून लिहिला.

आता अलीकडचं सांगतो, मग त्या दिवसाकडे येतो. आहाराला आठ महिने पुरे होत आले तेव्हा, तीन आठवड्यांपूर्वी, डॉक्टरांनी गुंडीचं वजन केलं. एका वर्षात ती वाढायची ती दीड किलोनं उतरली होती. डॉक्टर रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त वजनाचा कागद माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, वाचा. त्याच संध्याकाळी आम्ही दूध आणलं. बायकोनं तिच्या जुन्या निळ्या कडीच्या पेल्यात कोमट करून तिच्यासमोर ठेवलं आणि आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे राहिलो, परीक्षेच्या निकालाला उभे राहतात तसे. गुंडीनं पेल्याकडे बघितलं. वास घेतला. दोन्ही हातांनी उचलून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली, बाहीनं तोंड पुसलं, पेला खाली ठेवला आणि ठोकळ्यांकडे निघून गेली.

एक शब्द नाही, ताई. दुसऱ्या दिवशी बायकोनं रिकामा पेला तिच्यासमोर धरून वाट बघितली. तिसऱ्या दिवशी फ्रीजचं दार उघडं ठेवून बघितलं. मी स्वतः तिचा शब्द तिला म्हणून दाखवला, वेगवेगळ्या आवाजात, फरशीवर बसून, फ्रीजवर माझाच हात आपटत. शेजारच्या पोस्टमास्तरांना वाटलं घरात काही दुरुस्ती चालली आहे. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आता तिला दिवसातून तीनदा दूध मिळतं, न मागता. ती पिते, गालही जरा भरलेत, आणि मागत मात्र नाही. फ्रीजपाशी जाते, उभी राहते, मग कुणी दिलं तर घेते आणि नाही दिलं तर परत फिरते. मागितलं की मिळतं हे तिला एकदा कळलं होतं. चार वर्षांत तिला माणसांबद्दल कळलेली ती एकच गोष्ट होती, आणि ती आम्ही तिच्याकडून काढून घेतली. आम्ही म्हणजे मी.

मागच्या रविवारी मी वही काढली. का, ते माहीत नाही, कदाचित कुठेतरी एखादा दिवस असा सापडेल, की इथून पुढे उलटं चालत गेलं तर सगळं पुन्हा जुळेल. परक्याचं प्रूफ वाचतात तशी पहिल्या पानापासून बोट ठेवून वाचली. ‘दुधाची मागणी’ हा रकाना बघ. पहिल्या आठवड्यात आठ, सात, नऊ. प्रत्येकापुढे उणे, कारण मागणी जास्त. तिसऱ्या आठवड्यात पाच. पाचव्यात तीन, आणि तिथे माझ्या हातचं पहिलं अधिक. सातव्या आठवड्यात एक, अधिक. मग शून्य, अधिक. शून्य, अधिक. शून्य, अधिक, आणि समासात माझ्या सुवाच्य अक्षरात: उत्तम प्रगती. आहारवाल्या बाईंनी सांगितलं होतं, मागणं थांबलं की समजायचं सवय सुटली. आणि मागणं म्हणजे काय होतं? मागणं म्हणजे तो शब्द होता. माझी मुलगी तिचा एकुलता एक शब्द दिवसाला आठवरून शून्यावर आणत होती आणि तिचा बाप शेजारी बसून तिला अधिक देत होता. नव्या शब्दासाठी वहीत रकाना होता. जुन्यासाठी नव्हताच. चौदा वर्षांत माझ्या हातून एवढी चूक सुटलेली नाही, आणि ही सुटलेलीसुद्धा नाही, ही मी स्वतःच्या हातानं घातली.

आता तो दिवस. तू म्हणशील, कशाला उकरून काढतोस. पण आपण दोघंच तिथे होतो, आणि तू इतके दिवस गप्प राहून मला सांभाळून घेतलंस, म्हणून मलाच लिहायला हवं. तुझ्या मुक्कामाचा तो पाचवा दिवस. छापखान्यात वीज गेली म्हणून मी दुपारी बारालाच घरी आलो. दार ढकललं तर तू स्वयंपाकघरात फरशीवर उकिडवी बसलेली, गुंडी तुझ्यासमोर, तिच्या ओठांना पेला लागलेला, आणि ओट्यावर दुधाचं पाकीट. ते तू तुझ्या चहासाठी आणलं होतंस. माझी नजर आधी पाकिटावर गेली, छापलेलं दिसलं की जातेच. तू मान वळवून मला सांगत होतीस, अरे ऐकलंस का, बोलली, तिनं मागितलं रे, हात आपटून मागितलं. त्या दिवशी मी तुला म्हणालो की मला काही ऐकू आलं नाही आणि तू बहाणे करतेस. ऐकू आलं होतं, ताई. जिन्यातून किल्ली काढताना मला आतून तिचा आवाज आला होता. एकोणीस दिवसांनी, वहीप्रमाणे. आणि मला आनंद झाला नाही. मला वाटलं, गेलं, एकोणीस दिवसांची मेहनत पाण्यात गेली.

मी पेला तिच्या हातातून ओढला. दूध सिंकमध्ये ओतलं. तिनं माझ्या दिशेनं हात लांब केला आणि तो शब्द पुन्हा म्हणाली. पहिल्यांदा तुला म्हणाली होती, दुसऱ्यांदा मला. आणि ती तो म्हणत असताना, त्याच्यावर, मी तुझ्यावर ओरडलो. काय ओरडलो ते तुलाही पाठ असेल. हिला मुकं ठेवायचंय का तुला? हे वाक्य मी माझ्या बोलणाऱ्या मुलीच्या आवाजावर आवाज चढवून म्हणालो. तिनं दोन्ही हात कानांवर ठेवले. रडली नाही. तू फरशी पुसलीस, पेला धुतलास आणि आत जाऊन पिशवी भरलीस. संध्याकाळी बायको आली तेव्हा तू तिला सांगितलंस की दुकानात नळ फुटून पाणी शिरलंय, जावं लागेल. तिनं मलाच तुला बसस्टँडवर सोडायला पाठवलं, आणि आपण दोघं त्या बाकावर पाऊण तास एकमेकांकडे न बघता बसलो. घरी येऊन मी वही उघडली. त्या पानावर काय लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवतो: आहारात चूक, अर्धा पेला, जबाबदार ताई. ‘दुधाची मागणी’ या रकान्यात त्या दिवशी आडवी रेघ आहे, कारण चुकीचा दिवस हिशेबात धरायचा नसतो, असं बाईंचं म्हणणं. म्हणजे माझ्या मुलीनं शेवटचं जे दोनदा म्हटलं, त्याची कुठेही नोंद नाही. त्या दिवसानंतर तो शब्द आमच्या घरात तिच्या तोंडून पुन्हा आलेला नाही.

बायकोला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतं तो शब्द हळूहळू आपोआप गेला, जशी काही मुलांची एखादी लकब जाते. ती मला दोष देत नाही. परवा म्हणाली, तू तिच्यासाठीच केलंस ना. मी हो म्हणालो आणि बाहेर जाऊन जिन्यात बसलो. तिला सांगायचं माझ्यात धाडस नाही. आहारवाल्या बाईंना सांगितलं, तर त्यांचं उत्तर आलं की तुम्ही आठव्या महिन्यात सोडलंत, नवव्यात फरक पडला असता. आणि तुला हे सांगू का, ते वाचून क्षणभर माझ्या मनात आलं की खरं असेल तर? इतका मी अजूनही वाया गेलेला आहे.

हे पत्र मी माफी मागायला लिहायला घेतलं नव्हतं. माफी तू मागे केव्हाच दिली असणार, तुझा स्वभाव मला माहीत आहे, आणि मला ती घेता येत नाहीये. पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे आमचा नंबर लागलाय, पुढच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, अजून अठरा दिवस आहेत. त्यांनी आधी भरून आणायला एक फॉर्म पाठवलाय. त्यात चौथा प्रश्न आहे: मूल आतापर्यंत कोणते शब्द बोललं आहे? पालकांना वाटतो तसा नको, मुलाच्या तोंडून आला तसाच लिहा. मी फोन करून विचारलं, शब्द आता गेलेला असला तर? त्या म्हणाल्या, तरी लिहा, तिच्या तोंडाला एकदा जमलेला आवाज आहे तो, मी तिथूनच सुरुवात करीन, पण नेमका हवा. खाली सहा ओळींची चौकट आहे. मला एकच शब्द लिहायचाय, आणि चार दिवस ती चौकट कोरी आहे. तुझ्या लक्षात आलं असेल, एवढ्या मोठ्या पत्रात मी तो शब्द एकदाही लिहिलेला नाही. लिहिता येत नाहीये, ताई. दोन द आणि दोन उकार, एवढंच तर आहे. शेवटचा उकार दीर्घ, तो नियमच आहे, त्यात शंका नाही. प्रश्न पहिल्याचा आहे. ती तो आखूड म्हणायची की लांबवायची? बायको म्हणते आखूड. मला वाटतं लांब, मग वाटतं नाही. फोनमध्ये एकच व्हिडिओ आहे आणि त्यात मागे मिक्सर चालू आहे, तिच्या ओठांचा चंबू होतो, दोनदा होतो आणि घरघरीशिवाय काही ऐकू येत नाही. मी तो चाळीस वेळा तरी बघितला असेल. कान देऊन आठवायला गेलो की मला माझंच ओरडणं ऐकू येतं. तू तिच्यासमोर होतीस, तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, आणि तू ऐकत होतीस. तिचा तो शब्द नीट ऐकलेली शेवटची व्यक्ती तू आहेस. वहीतल्या त्या पानावर तुझं नाव होतं ते मी खोडलंय आणि शेजारी जागा मोकळी ठेवलीय, फॉर्ममध्येही ठेवलीय. तू ऐकलास तसा एका कागदावर लिहून पाठव. आखूड, लांब, तुझ्या अक्षरात, तुझ्या चुकांसकट. मी त्यातलं काहीही तपासणार नाही.

तुझाच,
लालपेन्या